दोराला हात

बोस्टनहून सरकारचा मार्शल धरपकडीला निघालाय, असं गाडीवान सांगून गेला. आमच्या खाणावळीच्या अंगणात स्वातंत्र्याचा खांब होता, सरकारच्या निषेधाला उभारलेला. त्यावर जोथमनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, फळी रंगवून ठोकलेली: 'अध्यक्षांना नावं ठेवली म्हणून तुरुंग? हा कायदा आम्ही मानत नाही.'

"अहो, उतरवा ती फळी, पाया पडते!"

"घटनेत लिहून दिलंय तेवढंच सरकारचं. लोकांचं तोंड बंद करायचं कुठं लिहिलंय? दाखव!"

"दाखवते डोंबल! तुम्हाला नेलं तर मी काय करू?"

कोपऱ्यात माझा धाकटा भाऊ लेमुएल हसला. तो सरकारच्या बाजूचा. "दाजी, सगळं का लिहून ठेवतात? देश सांभाळायचा म्हटलं की लागेल तो अधिकार आलाच. घटना जरा सैल हातानं वाचा की!"

"आणि किती सैल, ते तू ठरवणार?"

रोजचंच भांडण. एरवी मला हसू यायचं. त्या दिवशी मी हातातला पेला आपटून फोडला.

दुपारी मार्शल शिपाई घेऊन आलाच. "खांब कोणी उभारला?"

"मी," जोथम म्हणाले. मेला हट्टी माणूस!

"एकट्यानं? एवढा उंच?"

आमच्याकडे कोठार असो की खांब, हाक आली की अख्खं गाव दोर ओढायला येतं. जो येत नाही त्याच्या कोठाराला मग कुणी जात नाही. मत कुठलंही असो. लेमुएलही आला होता, ओढून, जेवून गेला होता.

"मी फक्त दोर धरला," तो ऐटीत म्हणाला. "मी तर कायद्याच्याच बाजूचा."

"म्हणजे हात लावलास. चल."

लेमुएल मागे सरला. "अहो, कायद्यात लिहिणं, छापणं, बोलणं एवढंच आहे! दोर ओढणं कुठं लिहिलंय? दाखवा!"

"सगळं का लिहून ठेवतात? देश सांभाळायचाय," मार्शल म्हणाला.

मला वाटलं, जोथम आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "पोराला सोडा हो, फळी माझी आहे." कुणी ऐकलं नाही, दोघांनाही गाडीत घातलं.

"ताई!" लेमुएल गाडीतून लहानपणीसारखा ओरडला. मी दोन घोंगड्या घेऊन धावले, त्यांच्या अंगावर टाकल्या आणि रस्त्यात उभी राहून जीव खाऊन गावाला हाक मारली.

एकही दार उघडलं नाही. दोराला हात सगळ्यांचाच लागला होता.