गेरूची रेघ

भोरहून नवीन आलेले केशवमास्तर माझ्या घराची मागची भिंत दोरीनं मापत होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शाळेचं पटांगण आमच्या भिंतीला लागून आहे, म्हणून काय भिंत शाळेची झाली? दुसऱ्या दिवशी शेतावरून आलो, तर भिंतीवर, हात वर केला की पोचेल अशा उंचीवर, गेरूची आडवी रेघ.

मी दहा वर्षांचा असताना आमच्या जुन्या गावात अशीच दोरी आली होती, अशीच रेघ. रेघेखालचं सगळं धरणात गेलं. माझा बा म्हणाला होता, पाणी इतक्या वर कुठं येतंय? दारं, तुळया, काही काढलं नाही त्यानं. या उत्रोलीत आम्ही आलो ते नेसत्या कपड्यांनी. हे घर उभं करायला मला वीस वर्षं लागली.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं की लोक खोटं सांगतात. दाराची कवाडं उतरवली, तुळयांच्या खुंट्या ठोकून सैल करायला घेतल्या. फुलाबाई, माझी बायको, भांडी पोत्यात भरत होती.

तेवढ्यात मास्तर आले, हातात रबरी चेंडू.

"कुंडलिकराव, घर सोडताय?"

"रेघ तुमी वढली, आन मलाच इचारताय? पानी कवा सोडनार, तेवढं सांगा."

मास्तरांनी हातातला चेंडू पुढे केला. "अहो, ती खेळाची रेघ आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, चुकलंच माझं."

"मंग खेळून दावा."

"फळी नको, दांडू नको, नुसता तळहात. चेंडू जमिनीवर टाकायचा, उसळला की रेघेखाली भिंतीवर मारायचा. परत आला की दुसऱ्यानं मारायचा, दुसरा टप्पा पडायच्या आत. चुकला, किंवा चेंडू रेघेच्या वर गेला, की समोरच्याला गुण."

एकवीस गुणांचा डाव. माझे पहिले चार फटके हवेतच गेले. नंतर लागायला लागले, तळहात लालबुंद झाला. सातावर हरलो. मास्तर घामानं निथळत होते. खोटं बोलणारा माणूस एवढा घाम गाळत नाही, असं वाटलं.

फुलाबाई मात्र हलली नाही. "खेळ ऱ्हाऊ द्या. ती रेघ आधी पुसा. म्या रोज बघनार न्हाई."

मास्तरांनी स्वतः घागर आणून रेघ घासून काढली. मग फुलाबाईनं शेण कालवलं आणि त्याच उंचीवर गोवऱ्यांची रांग थापली. "आता ह्येच्या वर ग्येला की बाद."

मी कवाडं बसवली, खुंट्या पुन्हा ठोकल्या. एक मात्र सैलच ठेवली, हातानं निघेल अशी. फुलाबाईनं ती पाहिली. भांड्यांचं एक पोतं तिनंही अजून सोडलेलं नाही.