भोंग्याची अंगाईगीते

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचे पडले आहेत आणि हल्ली माझा मुक्काम कपाटात, गुंडाळलेल्या वायरींखाली असतो.

कारखान्यातल्या बाईंनी माझ्यासमोर चुटकी वाजवली, "पास!" म्हणून मला खोक्यात घातले आणि मी थेट पोहोचलो एका रॉक बँडमध्ये. त्या बँडच्या गायकाला सगळे लाडाने भोंगा म्हणत. काय तो आवाज! मला ओठांना चिकटवून तो असा ओरडे की पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसत. रंगात आला की वायरीला धरून मला गरगर फिरवी. हे पोचे तेव्हाचेच. पण टाळ्यांचा कडकडाट झाला की मीही मनातल्या मनात फुगत असे.

मग भोंग्याची आई अंथरुणाला खिळली. त्याने दौरे बंद केले. लहानपणी आई म्हणायची त्या अंगाईगीतांचा अल्बम करायचा, आपला एकट्याचा, पहिलावहिला, असे त्याने मनावर घेतले. बँडमधल्या मित्रांची हसून हसून पुरेवाट झाली. "तू झोपवणार? अरे, तुझ्या आवाजाने झोपलेले उठतात!" तोही हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागले.

रेकॉर्डिंग आईच्याच खोलीत झाले. खिडक्यांवर रजया टांगल्या, पंखा बंद केला. सवयीने त्याने मला ओठांशी नेले, तशी आई म्हणाली, "अरे, लांब धर. बाळाच्या कानात कुणी ओरडतं का?"

तो हळू गाऊ लागला. कडवे संपून तो दम घेई, तेव्हा पलंगावरून आई तीच चाल गुणगुणत पुढे नेई. इतकी वर्षे ढणढणाटात काढून भोंग्याचे कान मंदावले होते. त्याला ते कधी ऐकूच आले नाही. मी मात्र सगळे ऐकत होतो.

रोजचे काम तो साउंडवाल्या मित्राकडे पाठवी आणि बजावी, "एकदम स्वच्छ कर. लोक आधीच हसायला टपलेत."

अल्बम निघाला. जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली, नव्यांनी ढुंकून पाहिले नाही. त्याच सुमारास आई गेली. साउंडवाला भेटायला आला. सांत्वन कसे करावे हे न सुचून तो म्हणाला, "काम मात्र मी जीव ओतून केलं रे. मागे कुणी बाई सारखी गुणगुणत होती. एक सूर शिल्लक ठेवला नाही."

भोंग्याने त्याचे मनगट धरले. "मूळ रेकॉर्डिंग कुठंय?"

"पुसलं. काम झालं की पुसतोच ना आपण?"

भोंग्यानेही आपल्याकडचे पुसले होते. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या त्या माउलीचा सूर आता जगात कुठेही उरला नव्हता.

मित्रांनो, घरात कुणी गुणगुणत असेल, तर हातातले काम ठेवा आणि ऐका. नको असलेला आवाज समजून पुसू नका.

त्या संध्याकाळी भोंग्याने मला उचलले. ओठांना नाही, कानाला लावले आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. पण माझ्या पोटात काही साठत नाही. आलेला आवाज वायरीतून पुढे निघून जातो. तिचा प्रत्येक सूर माझ्यातूनच गेला होता, आणि त्याला देण्यासाठी माझ्याकडे त्यातला एकही नव्हता.