बर्नेट आणि नवा खंदक

मेल्या कारभाऱ्याला शंभरदा सांगितलं होतं, जुन्या पुलाखाली बैल घालू नका.

तिथं खड्डा आहे हे आमच्या हॅगथॉर्प गावातलं शेंबडं पोरही सांगेल. समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार आले तेव्हा आमच्याच पणजोबांना वेठीला धरून त्यांनी मातीचा किल्ला उभारला, भोवती कोरडा चर खणला आणि दरवाज्यापुढच्या पुलाखाली हा खोल खड्डा. पुढं तो गाळानं भरला. आता गावच्या मालकांना नव्या बायकोसाठी तिथं दगडी घर हवं आणि चरात पाणी हवं. पाणी गळू नये म्हणून तळाला चिकणमाती घालून बैलांकडून तुडवून घ्यायची. माझी जोडी वेठीला गेली. नवरा गेल्यापासून माझं घर त्या जोडीवर चालतं. जोडी गेली की नांगर गेला, आणि मग जमीन काढून घेतात.

"हॉइस, तुझी अक्कल चुलीपाशी ठेव," म्हणून कारभाऱ्यानं बैल तिकडेच घालायला लावले आणि घोड्यावर बसून निघून गेला. थोड्याच वेळात जोडीतला माझा बर्नेट बैल छातीपर्यंत रुतला.

माझा दीर ऑस्बर्ट चौघांना घेऊन धावला. "वहिनी, रडू नका. संध्याकाळपर्यंत खणून काढतो."

तेवढ्यात चरातून पाणी आलं.

"अगं बाई! पाणी कुणी सोडलं?"

"कारभाऱ्यांनी, जाताजाता. बाईसाहेब येतील तेव्हा खंदक भरलेला दिसायला हवा म्हणे."

"मग बांधावरचं पाणी अडवायचं दार खाली सोड ना!"

"ते उघडं ठेवून कुलूप घातलंय. किल्ली त्यांच्या कमरेला, आणि ते गेलेत मालकांना आणायला."

"फोड ते कुलूप!"

ऑस्बर्ट माझ्याकडे बघेना. "हात तोडतील, वहिनी. मला चार लेकरं आहेत."

त्याला तरी काय बोलणार? जेवढा चिखल काढावा तेवढा परत आत यायचा. मी बर्नेटचं डोकं वर धरून उभी राहिले. पाणी माझ्या गळ्याशी आलं तेव्हा त्यांनी मला ओढून काढलं. बर्नेट माझ्याकडेच बघत होता.

पंधरा दिवसांनी कारभारी दारात हजर. "सोमवारी वेठ आहे. जोडी घेऊन ये."

"कुठली जोडी? एक तुमच्या खंदकात आहे."

"खंदकात जे आहे ते मालकांचं. तुझ्या घराला दोन बैलांची वेठ आहे. दुसरा कुठून आणायचा ते तू बघ."

एवढं तोंड चालतं माझं. पण त्या वेळी 'बरं' एवढंच बाहेर आलं.