उकळत्या पाण्यातली प्लेट

आमच्या ह्यांचा जबडा चार महिने कटकट वाजत होता. रामकुंडावर मंत्र म्हणून संसार केलेला माणूस, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. त्यात संपदाचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. लेकीच्या मंगलाष्टकांतलं पहिलं कडवं आपणच म्हणायचं, हा ह्यांचा हट्ट ती पाळण्यात होती तेव्हापासूनचा.

डेंटल कॉलेजात डॉक्टर योगिनी दोन प्रकारच्या प्लेटांची तुलना करत होत्या. झोपताना दातांवर बसवायची, म्हणजे जबड्याच्या सांध्यावरचा ताण कमी होतो. कडक कोणाला आणि मऊ कोणाला, ते चिठ्ठी उचलून ठरायचं. ह्यांना कडक निघाली. बाकावर शेजारी सायखेड्याचे हिरामण होते, त्यांना मऊ.

"गुरुजी, माझी लय मऊ हे, चपलेच्या तळावानी," ते म्हणाले. "पण झोपेत चावतच बसतो मी तिला."

तीन आठवड्यांत ह्यांचं तोंड तीन बोटं उघडायला लागलं. मला मात्र ती प्लेट ओट्याजवळ बघवेना. थंड पाण्यानेच धुवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थंड पाण्याने उष्टं निघतं होय? लग्नघर, पाहुणे यायचे. एका सकाळी मी ती सरळ उकळत्या पाण्यात टाकली.

दिसायला तशीच होती. पण तीन दिवसांत ह्यांचा जबडा पुन्हा धरला. लग्नाला राहिले होते नऊ दिवस.

डॉक्टर योगिनींनी प्लेट दातांच्या साच्यावर ठेवली, तर ती डुगडुगली. "काका, ही वाकलीये. गरम पाण्यात घातली का कोणी?"

मी बोलणार तोच हे म्हणाले, "मीच घातली."

जन्मात खोटं न बोललेला माणूस!

"मग तुम्हाला तुलनेतून वगळावं लागेल," त्या म्हणाल्या. "नवी कडक यायला दोन आठवडे लागतील. तोवर मऊ देते, पण लग्नापर्यंत किती फरक पडेल सांगता येत नाही."

रिक्षात मला रडू आलं. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"नवी होतीस तेव्हा पळीने आमटी चाखलीस म्हणून मी तुला चार माणसांत बोललो होतो. आठवतं?"

न आठवायला काय झालं! त्या दिवसापासून मी उष्ट्याला जपत आले.

"मग ही प्लेट तू एकटीने नाही उकळलीस," हे म्हणाले.

लग्नात ह्यांनी कडवं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीवर जबडा अडकला. अंतरपाटाआड संपदाने मान वर केली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा उरलेल्या ओळी मी म्हटल्या. सूर कुठल्या कुठे गेला, पण शब्द एकही चुकला नाही.

अक्षता पडल्यावर माझ्या घशाला कोरड पडली होती. कोणीतरी दिलेलं पाणी मी पेल्याला तोंड लावून अर्धं प्याले. ह्यांनी तो पेला माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी, तसंच तोंड लावून, चार माणसांत पिऊन टाकलं.