त्र्याऐंशी लाख ठिपके

“तोंड मांगं घे त्या काचेपासून! लोक पाहून राहिले.”

“पाहू द्या. मी का चोरी करून राहिलो?”

बापानं, गुणवंतानं, दटावूनही प्रफुल्लनं तोंड मागं घेतलं नाही. उलट नाक आणखी बोटभर पुढं नेलं. श्वासानं टीव्हीच्या पडद्यावर वाफेचा डाग उमटला, तसा दुकानातला ऋषिकेश फडकं घेऊन धावला. छातीवर बिल्ला, केसांना जेल, आणि दुकानाचं शटर उघडल्यापासून चेहऱ्यावर लावून ठेवलेलं हसू.

“भाऊ, इतक्या जवळून नाही पाहत टीव्ही.”

“मंग किती दुरून पाहतेत?”

“पाच-सहा फूट.”

“आमची खाट पार मांगच्या भिंतीले हाय. तिथून तुमचा हा फोर के आन् आमचा घरचा, काई फर्क दिसन काय? खरं सांगजा.”

ऋषिकेशनं त्याच्याकडं न पाहता त्याच्या बापाकडं पाहिलं. गिऱ्हाईक कोण आणि कटकट कोण, हे त्याला बरोबर कळत होतं.

“काका, हा अल्ट्रा एचडी हाय. फुल एचडीत वीस लाख ठिपके असतात. याच्यात त्र्याऐंशी लाख. आडवे अडतीसशे चाळीस, उभे एकवीसशे साठ. समजा चारपट साफ.”

“ठिपके पडद्यात हाय,” प्रफुल्ल म्हणाला. “आमच्या छपरावरच्या डिशच्या छत्रीत नाही. छत्रीतून जे येते तेच दिसन ना? गढूळ पाण्याले चार नळ लावले तं पाणी का साफ होते?”

“कितवी झाली भाऊ?”

“नववी. ठिपके मोजाले दहावी लागत नाही.”

बाजूला मिक्सर पाहत उभी असलेली बाई पदराआड हसली. गुणवंताच्या मानेची शीर ताठ झाली. पिकअपवर संत्रा आणि संत्र्याच्या तोडणीच्या बाया वाहून त्याची अर्धी हयात गेली होती, पण चकचकीत दुकानात शिरला की अजूनही तो चपला दारातच काढायचा. आजही काढल्या होत्या.

“साहेब, पोट्टा तापट हाय. तुमी दाखवा. आमचा टीव्ही पार धुंदला झाला.”

“धुंदला नाही झाला!” प्रफुल्ल इतक्या जोरात ओरडला की काउंटरवरचा मालकही मान वर करून पाहू लागला. “तुमाले कितीदा सांगू बाबा?”

हे भांडण दिवाळीपासून चाललं होतं. बापानं पहिल्यांदा ‘धुंदला’ म्हटलं तेव्हा प्रफुल्लनं ओल्या फडक्यानं पडदा पुसला. मग वायर बदलली. मग हेमराजमामाला छपरावर चढवून छत्री फिरवून घेतली. त्याच्या डोळ्यांना तर बातम्या देणाऱ्या बाईच्या गळ्यातले मणीसुद्धा मोजता येत होते. पण बाप खाट सोडून संत्र्याच्या पालथ्या कॅरेटवर, टीव्हीला गुडघे टेकतील इतका पुढ्यात बसायचा आणि म्हणायचा, धुंदला. आई, यमुना, भाकर थापता थापता म्हणायची, “घेऊ दे ना रे त्याले नवा. जलमभर दुसऱ्याचाच माल वाह्यला त्यानं.”

टीव्हीचं एक वेळ सोडा. प्रफुल्लच्या डोक्यात दुसराच काटा होता. दहावीत शाळा सोडली तेव्हा बाप एक शब्द बोलला नव्हता. आता मात्र, गेल्या काही महिन्यांपासून, गाडीत बाजूला बसवून तो रस्ताभर त्याला वाचायला लावायचा. समोरून येते ती बस कोणती बे, नागपूरची का छिंदवाड्याची? जामसांवलीचा फाटा आला काय? त्या पाटीवर काय लिहून हाय, वाच बरं. मागं हौद्यात बाया बसलेल्या, आणि पुढं एकोणीस वर्षांचा पोरगा पहिलीतल्या लेकरासारखा पाट्या वाचतोय. बायांना ऐकू जायचं. त्या खिदळायच्या. शाळा सोडल्याचा बाप असा रोज रोज सूड घेतो, याबद्दल प्रफुल्लला तिळमात्र शंका नव्हती. लायसन काढून उन्हाळा गेला, पावसाळा गेला, चाबी काही मिळाली नव्हती. मिळत होत्या त्या पाट्या.

आणि परवाची गोष्ट तर त्याच्या घशातच अडकून होती. मोहगावजवळच्या बगीच्यात गाडी मागं घेताना तो नेहमीसारखा मागं उभा राहिला होता. थांबायची खूण हातानं दाखवली. गाडी थांबली नाही, विजेच्या खांबावर जाऊन आदळली. बाप उतरला आणि बगीच्याच्या मालकासमोर, साऱ्या बायांसमोर बोलला, “हात वर करून दाखवाचा असते! हा कंबरेजवळ हलवून राहिला. कोण्या कामाचा नाही.”

हात वर होता. चांगला डोक्याच्या वर होता.

“पॅक करून टाका,” गुणवंता म्हणाला.

“कायचं पॅक?” प्रफुल्ल मध्ये आला. “पहिले आपलं चॅनल लावून दाखवा म्हणा त्याले. घरी येते तेच. हे काय, कंपनीची शूटिंग दाखवून आपल्याले उल्लू बनवून राहिले!”

“भाऊ, तमीज से,” ऋषिकेशचं हसू एका बाजूनं उसवलं. “तुमाले घ्याचा नाही तं नका घेऊ. काकांना तं पाहू द्या.” आणि त्यानं रिमोट घेऊन भिंतीवरचा सगळ्यात मोठा टीव्ही सुरू केला.

दुकान निळं झालं. समुद्राचा तळ. मागं कुठंतरी शेवाळ हलत होतं आणि पुढून केशरी मासे चालले होते, एकामागून एक, सावकाश. त्यांच्या अंगावरचा खवला न् खवला दिसत होता. कल्ल्याखालची पांढरी पट्टी, शेपटीची फाटकी कड, सगळं. प्रफुल्लला कबूल करावं लागलं असतं, पण त्यानं केलं नाही.

गुणवंता दोन पावलं पुढं सरकला. त्याचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांनी टीव्हीसमोर त्याच्या कपाळावरची आठी गेली.

“वा!” तो म्हणाला. “संत्रा पाय कसा हाय, प्रफुल्ल. ग्रेडिंगच्या पट्ट्यावर सोडला वाटते. कसा घरंगळून राहिला. एक डागी नाही त्याच्यात.”

मग मिक्सरवाली बाई फसकन हसली. ऋषिकेश हसला. काउंटरवरचा मालक तर टेबलावर हात मारून हसला.

“काका, मजाकी हाय तुमी! समुद्रात संत्रा!”

“हसाले काय झालं बे?” प्रफुल्ल ऋषिकेशच्या अंगावर गेला. मुठी वळलेल्या. “काय हसतं? दात पाडून हातात देईन.”

“अरे, मजाक केला मी,” गुणवंता म्हणाला, आणि तोही हसला.

पण तो उशिरा हसला. सगळ्यांचं हसून व्हायला आलं तेव्हा त्याचं सुरू झालं. आणि हसताना तो पडद्याकडं नाही, लोकांच्या आवाजाकडं तोंड करून होता, एकाकडून दुसऱ्याकडं, कोण का हसतंय ते चाचपत.

प्रफुल्लच्या मुठी तशाच राहिल्या. त्याचं लक्ष मात्र त्यांत राहिलं नाही.

“बाबा,” तो म्हणाला. आवाज आपोआप खाली आला. “त्या समोरच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहून हाय?”

रस्त्यापलीकडं कापडाचं दुकान होतं. पाटी एवढी मोठी की बैलानंही वाचली असती.

गुणवंतानं दाराकडं मान वळवली. डोळे बारीक केले, मग सोडले.

“मले काय विचारतं? तू वाच. नववी शिकला ना?”

तेच बोलणं. तोच आवाज. रोज गाडीत ऐकलेला. प्रफुल्लनं तोंड उघडलं, आणि जिभेवर आलेली शिवी तिथंच फिरली. त्यानं पाटी वाचली. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून वाचली. गुणवंता मान हलवत राहिला.

“हं,” तो म्हणाला. “बराबर हाय.”

“टीव्ही आज नाही घेत,” प्रफुल्लनं ऋषिकेशला सांगितलं.

“मी सांगतलं नव्हतं?” ऋषिकेश बाईकडं पाहून पुटपुटला. “टाइमपास.”

दुसरा एखादा दिवस असता तर रिमोट भिंतीवर फुटला असता. प्रफुल्ल खाली वाकला, बापाच्या चपला त्याच्या पायांपुढं सरळ करून ठेवल्या आणि बाहेर पडला.

“तू कोण नाही म्हणणारा?” गुणवंता पायरी उतरता उतरता सुरू झाला. एक हात भिंतीला. ही सवय कधीपासूनची होती? “कमावतो मी, आन् ठरवतं तू? चार लोकांत इज्जत काढली माही.”

“हो, काढली.”

“वरतून हो म्हणतं!”

“गाडी काढा,” प्रफुल्ल म्हणाला. “मी मांगं उभा राहतो.”

पिकअपच्या काचेवर ठळक निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं होतं. गुणवंता आत बसला. गाडी मागं घेऊन रस्त्यावर काढायची होती. प्रफुल्ल गाडीच्या मागं, चांगला लांब जाऊन उभा राहिला. परवा उभा होता तसाच, आरशात दिसेल असा. त्याच्या बाजूला एका म्हातारीनं पोत्यावर बोरांचे वाटे मांडले होते.

इंजिन सुरू झालं. गाडी मागं येऊ लागली.

त्यानं हात वर केला. उजवा, पूर्ण सरळ, पंजा उघडा. थांबा. तोंडातून मात्र आवाज काढला नाही. बाजूच्या आरशात बापाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. बाप थेट त्याच्याकडंच पाहत होता.

गाडी येत राहिली.

त्यानं दुसराही हात वर केला. आता दोन्ही हात आभाळात होते. गाडी येतच राहिली. म्हातारी “ए माय!” म्हणत पोतं ओढू लागली. परवा खांबावर आदळून चेमटलेला बंपर त्याच्या मांडीपासून हातभर उरला तेव्हा प्रफुल्लनं दोन्ही हात खाली आणून हौद्याच्या पत्र्यावर दाणकन मारले.

ब्रेक लागला. गुणवंतानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अबे, तोंडानं बोल ना! मुका हाय काय? तोंडानं बोल!”

प्रफुल्ल तिथंच उभा राहिला. तळहात झणझणत होते. म्हातारी त्याच्या नावानं बोटं मोडत बोरं वेचत होती. त्यानं खाली बसून तिची चार बोरं उचलून दिली, उठला, आणि गाडीच्या कडेकडेनं ड्रायव्हरच्या दाराशी आला. दार उघडलं.

गुणवंताचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. पांढऱ्या पडलेल्या बोटांनी त्यानं ते धरून ठेवलं होतं. तो समोर पाहत होता. समोर दुकानाची भिंत होती, आणखी काही नव्हतं.

“बाया बगीच्यात वाट पाहून राहिल्या असतीन,” तो म्हणाला. “तुयी मायही हाय त्याच्यात. अंधार पडते आता लवकर.”

“पडते.”

“मंग बस ना तिकडून. कायले उभा हाय इकडं?”

प्रफुल्ल हलला नाही. गुणवंतानं अजून थोडा वेळ भिंतीकडं पाहिलं.

“पाट्या मले वाचता येतेत,” तो म्हणाला.

“मालूम हाय.”

“मंग?”

“मंग काई नाही. सरका तिकडं, बाबा. गाडी मी नेतो आता.”