पंख्यासोबत गेलेले काका

हे लिहून ठेवणारच नव्हतो. आपला गाढवपणा आपल्याच हाताने कोण लिहितो? पण बसलोय खरा.

तर काकूंनी कानात बटण बसवलं आणि काकांनी तोंड उघडलं. काका-काकू म्हणजे बारक्याचे आईवडील. बारक्या माझा मित्र, चिप आखतो. बटणाची वायर टेबलावरच्या बोर्डात गेली होती. काकूंच्या श्रवणयंत्राची चिप अजून बनायची होती, तोवर हा बोर्ड तिचं सोंग घेऊन बसलेला.

"बारक्या, तू नाकात बोलतोस हे आज कळलं," काकू म्हणाल्या. "आणि पंखा अजिबात नाही! वा!"

काकांचे हात हलत होते, भुवया हलत होत्या.

"हे का गप्प?"

"मी गप्प? पाऊण तास बोलतोय मी!" काका म्हणाले.

काकूंनी आमच्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"छान झालंय रे. काही बदलू नका."

आमचं काम जोडीचं. आवाज साफ करणारं मॉडेल मी शिकवतो आणि मग छाटतो. आत लाखो आकडे असतात. ज्यांच्यावाचून अडत नाही ते काढायचे. पूर्वी मी नव्वद टक्के छाटून द्यायचो आणि बारक्याची चिप छाटलेल्यांच्या जागी उरलेल्या शून्यांचेही गुणाकार इमानदारीने करत बसायची. म्हणून एकत्र बसायला लागलो. मी काढलं की तो चिपवर तेवढी जागाच ठेवत नाही. अंग आणि कपडा एकदमच आटवायचा.

मी लॅपटॉपवर 'गोंगाट' नावाचा फोल्डर उघडला. त्यात जे टाकू ते पुसायला मॉडेल शिकतं. पंख्याचे नमुने याच घरात घेतले होते, चौतीस. हेडफोन लावला. चौतीसही नमुन्यांत पंखा, आणि पंख्यामागे खर्जात, एकसुरात काका. एकात तर ते विचारत होते, "मी बोलू ना? तुमच्या यंत्राला अडचण नाही ना?"

त्यावर माझा आवाज: "हं, हं."

काका बोलतात तेव्हा आम्ही दोघंही ऐकत नाही. मॉडेल तेच शिकलं.

हेडफोन बारक्याला दिला. तो कानापर्यंत लाल झाला.

"खर्जाची अख्खी पट्टी मी चिपवरून उडवलीये," तो पुटपुटला. "त्यातून बॅटरीचे दोन तास काढलेत. तीन महिने घासलोय त्यासाठी. आणि शुक्रवारी चिपचा नकाशा कारखान्यात जातोय, एकदा कोरलं की कोरलं."

"मग?"

"मग काय? आई खूश आहे ना?"

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. काकू बटण काढेनात. काका खिडकीशी जाऊन काहीतरी म्हणाले. काकूंनी त्यांचे ओठ हलताना पाहिले, बटण काढलं आणि कानामागे तळहात धरून पुढे वाकल्या.

"हं, आता बोला."

काका बोलले. काकू हसल्या. बटण परत कानात. थोड्या वेळाने पुन्हा ओठ हलले, पुन्हा बटण बाहेर. "हं, बोला."

चौथ्यांदा बटण निघालं तेव्हा बारक्याने खुर्ची ओढली आणि नकाशा उघडला.

"किती आकडे परत घालशील?"

"लागतील तेवढे."

"लागतील तेवढे म्हणे! सोळा-सोळाच्या ओळीत घाल, चिप तसंच वाचते. माझ्या ओळी मोडल्यास तर तंगडं मोडीन."

चार दिवस आम्ही तिथेच ठाण मांडून होतो. मी पंख्याचे नवे नमुने घेतले, काकांना बाजारात पाठवून. आकडे परत आले, पट्टी परत आली, बॅटरीचे दोन तास गेले. शुक्रवारी सकाळी काकूंनी बटण लावलं आणि काकांचं नळाच्या वायसरवरचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

"येतंय," त्या म्हणाल्या. "सगळं येतंय. कमी करायचं बटण कुठंय?"

काका खूश.

"पण बिघडलं काय होतं रे नेमकं?" त्यांनी मला विचारलं.

टेबलाखालून बारक्याने माझा पाय चेंगरला.

"पंखा, काका," मी म्हणालो.

नकाशा गेला. जिना उतरताना बारक्या थांबला.

"बाबांना त्या फोल्डरचं कळता कामा नये. शब्द दे."

"दिला."

"आणि ते चौतीस नमुने?"

"उडवतो आजच."

"उडवू नकोस." तो कठड्याशी चाळा करत होता. "मला दे. आणि आधी तू ऐक. काय बोलतात ते."

"सगळे?"

"शेवटपर्यंत."

"बरं," मी म्हणालो. "ऐकीन. हं-हं न करता."