कांद्याच्या ओळीत फ्रीडा

वर्षभरासाठी आमच्याकडे राहून शिकायला आलेल्या फ्रीडाला जर्मनीला परत जायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा तिच्या तिकडच्या शाळेचा मेल आला. आम्ही पोहे खात होतो. नाशिकमधलं हे वर्ष धरायचं असेल तर तिकडच्या विद्यापीठातले एक सर ऑनलाइन तिची मराठीत तोंडी परीक्षा घेणार होते. जमलं नाही तर मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही पुन्हा अकरावीत. तिने मेल इंग्रजीत वाचून दाखवला, आईने इंग्रजीत धीर दिला, बाबांनी इंग्रजीत "नो टेन्शन" म्हटलं, आणि मग आम्ही सगळेच एकमेकांकडे बघायला लागलो.

कारण फ्रीडाला मराठी येतच नव्हतं. "नको", "बास" आणि "थोडंसं" एवढ्यावर तिने गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जवळजवळ वर्ष काढलं होतं. कॉलेजही इंग्रजी माध्यमाचं.

आणि तिचा काय दोष? इंग्रजी बोलणारी पोरगी घरात राहायला आली म्हटल्यावर कोण सोडतंय. आईने तिच्यावर ऑफिसच्या प्रेझेंटेशनची तालीम केली. बाबा रोज संध्याकाळी तिला हवामान विचारायचे, जसं काही ते तिच्याच हातात होतं. गेटवरचा वॉचमन दिनेशदादा "गुड मॉर्निंग मॅडम, हॅव अ नाइस डे" ऐकवायला कुणीतरी मिळालं म्हणून खूश. भाजीवाल्या अंबूबाईसुद्धा तिच्यासमोर "टोमॅटो फ्रेश" म्हणायच्या. आणि मी, जिची हजेरी पहिल्या बाकापर्यंतसुद्धा ऐकू जायची नाही, ती मी यंदा नववीत अख्ख्या गॅदरिंगचं निवेदन इंग्रजीत करून मोकळी. फ्रीडामुळे सगळ्यांचं भलं झालं होतं. फ्रीडाचं तेवढं राहून गेलं.

बाबांनी जाहीर केलं की आजपासून घरात फक्त मराठी. संध्याकाळी ऑफिसातून आले आणि बूट काढता काढताच म्हणाले, "फ्रीडा, व्हेरी हॉट टुडे, नो?"

मग मीच मालनआत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, चांदवडजवळ तिची शेती आहे आणि तेव्हा तिच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. बाबा म्हणाले की ऐन काढणीत फ्रीडाशी बोलत बसायला कुणाला वेळ आहे? मी म्हटलं, "बाबा, कांदा विळ्याने कापतात, तोंडाने नाही." एरवी मी बाबांना असं म्हणाले नसते, पण निवेदन केल्यापासून मला वेळेवर सुचायला लागलंय. माझी वार्षिक परीक्षाही संपली होती. अट एकच घातली: बाबांनी आम्हाला सोडायचं, चहा प्यायचा आणि निघायचं.

शेतात बायका ओळीने बसून कांद्याची पात कापत होत्या. आत्याने फ्रीडाला शेजारी बसवून घेतलं आणि ती सुरू झाली. भाऊ किती, आई काय करती, एवढ्या लांब पोरीला धाडलंच कसं, तुमच्याकडं कांदा व्हतो का नाय. फ्रीडा माझ्याकडे बघायची. मी भाषांतर करायचं नाही असं आत्याने बजावलं होतं, म्हणून मी ओठ आवळून कांदे कापत राहिले. फ्रीडाने दिवसभर प्रत्येक प्रश्नाला "थोडंसं" असं उत्तर दिलं. भाऊसुद्धा थोडंसं. संध्याकाळी ती मला म्हणाली की तिला घरी जायचंय, आणि नाशिकला नाही, थेट जर्मनीला. आपण हिचं वाटोळं तर नाही ना केलं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, तेव्हा तिने विळा खाली ठेवला आणि एकेक शब्द चाचपत म्हणाली,

"आत्या, पाठ लय दुखती."

सगळ्यांचे हात थांबले. मग ओळच्या ओळ हसायला लागली. आत्याने हसता हसता स्वतःच्या खालचा पाट काढला आणि तिच्याकडे सरकवला. "आगं मंग कालच बोलायचं ना. न सांगता कळाया मी काय तुझी आई हाय?"

मराठी बोललं की पाट मिळतो, हे फ्रीडाच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या तीन आठवड्यांत तिने पाणी मागितलं, ठेचा मागितला, शेजारणीचं सुनेशी कशावरून बिनसलं तेही नीट समजावून घेतलं. निघायच्या आधी तर ती उलट आत्यालाच विचारायला लागली की तुमचं लग्न कुणी ठरवलं, तुम्हाला शिकायचं नव्हतं का. आत्याने हातातला कांदा पातीसकटच ढिगात टाकला. मग म्हणाली, "ही तर माझ्यावर गेली."

परीक्षा आमच्या बेडरूममध्ये, लॅपटॉपवर झाली. आम्ही तिघं दाराबाहेर चिकटून उभे. सरांचं मराठी अगदी इस्त्री केलेलं होतं. "नाशिकमधील वास्तव्यात आपण कोणते अनुभव घेतलेत?"

"लय घेतले," फ्रीडा म्हणाली.

आईने माझा दंड असा आवळला की मी ओरडायचीच बाकी होते. तिचं अख्खं वर्ष माझ्या आयडियावर टांगलेलं होतं. मग सरांनी विचारलं की म्हणजे काय काय. झालं, फ्रीडा सुटली. कांदा कसा काढतात, साठवायला हवेशीर चाळीत कसा भरतात, हवा लागली नाही तर कसा सडतो, पाठ कशी दुखती, मग ठेच्याने ती कशी विसरायला होती. सरांचं कुठे चुकलं तर "तसं नाय सर" म्हणून पुन्हा सांगायची. ठरलेली वेळ कधीच उलटून गेली होती. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही उत्तीर्ण झालात. आता तो ठेचा मला परत एकदा सावकाश सांगा."

मी तिथेच फरशीवर बसकण मारली. आई आत धावली. "ओह फ्रीडा, वी आर सो हॅपी..."

"काकू, मराठीत बोला की."

आत्याला फोन केला तर ती म्हणाली, पास व्हायचीच ती, पण चाळ अजून अर्धी रिकामी हाय. उरलेल्या दिवसांत फ्रीडाला कुठे कुठे फिरवायचं याचा बाबांनी मोठा बेत केला होता. फ्रीडाने तो नीट ऐकून घेतला आणि सोमवारी सकाळी चांदवडची एसटी पकडली. गेटवर दिनेशदादा "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाला, तर ही म्हणाली, "चला दादा, लय उशीर झाला."

बिचाऱ्याचा चेहराच पडला. आता त्याचं "हॅव अ नाइस डे" रोज मी ऐकून घेते, आणि "यू टू" इतकं मोठ्याने म्हणते की तिसऱ्या मजल्यावर आई खिडकीत येते.